गाडी चालू होत नाही तेव्हा

(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या खराडी येथील स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, वीस मिनिटं एआयवर बोल." मी म्हटलं, एआयवर बोलणारे आपल्या तुकडीत आता इतके झालेत की ऐकायला कुणी उरणार नाही. आणि आपल्या ग्रुपवर सकाळी सात ते नऊच्या दरम्यान जो प्रश्न येतो तो एआयचा नसतो. तो असा असतो: "गाडी चालू होत नाहीये. काय करू?" त्याखाली दहा मिनिटांत डझनभर उत्तरं येतात. बहुतेक सगळी "बॅटरी गेली" अशी. एक हात जोडलेला. आणि एक "विकून टाक."

तर मी आज त्याच प्रश्नावर बोलणार आहे. मी मेकॅनिक नाही. माझी पदवी इलेक्ट्रॉनिक्सची, आणि नोकरी इथेच खराडीत, सॉफ्टवेअरची. आमचं काम म्हणजे दिवसभर कोड लिहिणं, असं लोकांना वाटतं. खरं तर निम्म्याहून जास्त वेळ "काल चालत होतं, आज का चालत नाही" हे शोधण्यात जातो. आणि त्या शोधण्याची पद्धत मी कॉलेजात शिकले नाही, शिरूरला आपल्या शाळेत शिकले. प्रयोगवहीचे रकाने आठवा: उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. निरीक्षणाच्या जागी कुणी अनुमान लिहिलं की बाई लाल रेघ मारायच्या आणि म्हणायच्या, "काय दिसलं ते लिही. तुला काय वाटलं ते खाली." बाई समोरच बसल्या आहेत, हसताहेत, म्हणजे त्यांनाही आठवतंय.

"बॅटरी गेली" हे अनुमान आहे. "गाडी चालू होत नाही" ही तक्रार आहे. यातलं निरीक्षण कुठलंच नाही. चावी फिरवल्यावर गाडीने नेमकं काय केलं, हे ग्रुपवर कुणीही लिहीत नाही.

थोडं मागे जाते. आपल्या पिढीने गाडीचं निदान पहिल्यांदा पाहिलं ते एसटीत. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला अहमदनगरहून पुण्याला धावली, म्हणजे आपल्या शिरूरवरून आणि पुढे इथल्या या नगर रोडनेच. आपल्या लहानपणी त्या एसटीचा ड्रायव्हर उतार बघून गाडी लावायचा, आणि तरीही सकाळी ती अडली की कंडक्टर म्हणायचा, "चला, खाली उतरा, धक्का मारा." वीस-पंचवीस माणसं ढकलायची, ड्रायव्हर क्लच सोडायचा, काळ्या धुराचा एक लोट, आणि गाडी सुरू. तेव्हा ती फजिती वाटायची. आता वाटतं, तो फार चांगला प्रयोग होता.

कारण पेट्रोल असो वा डिझेल, इंजिन स्वतःहून कधीच सुरू होत नाही. आधी कुणीतरी ते फिरवावं लागतं. पूर्वी पुढून हँडल मारायचे. हँडल उलट फिरलं की मनगट मोडायचं. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंगने बनवलेली विजेची मोटर आली आणि हे काम बॅटरीकडे गेलं. तिलाच आपण सेल्फ म्हणतो. एसटीला धक्का मारणं म्हणजे सेल्फचं काम माणसांनी करणं. धक्क्याने गाडी सुरू झाली याचा अर्थ डिझेल येतंय, पंप चालतोय, इंजिन शाबूत आहे. दोष असेल तो बॅटरी, वायरी आणि सेल्फ एवढ्यातच. जुन्या डिझेल इंजिनाला एकदा फिरायला लागल्यावर विजेची फारशी गरजच नसे, दाबाने तापलेल्या हवेत डिझेल आपोआप पेटतं. म्हणजे एका धक्क्यात अर्धी गाडी संशयातून मोकळी व्हायची. आम्ही सॉफ्टवेअरमध्ये यालाच मोठं नाव देऊन पगार घेतो.

आज धक्क्याचा उपयोग कमी झालाय. गिअर ऑटोमॅटिक असतील तर धक्का चालतच नाही. खराडीतल्या निम्म्या गाड्या दुसऱ्या बेसमेंटमध्ये असतात, तिथून रॅम्पवर ढकलायची कुणी? हाताने गिअर टाकायच्या गाडीलाही धक्का शेवटचा उपाय म्हणूनच द्यावा, कारण न जळालेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये गेलं तर ते महागात पडतं. पण धक्क्यामागचा विचार अजून चालतो. प्रश्न असा विचारायचा की उत्तर काहीही आलं तरी अर्धी गाडी बाजूला पडली पाहिजे.

पहिला प्रश्न कानाचा आहे. चावी फिरवली, किंवा बटण दाबलं, तेव्हा काय ऐकू आलं?

काहीच ऐकू आलं नाही आणि समोरचे दिवेही लागले नाहीत, तर बॅटरी पूर्ण उतरली आहे किंवा तिचं टर्मिनल सुटलं आहे. दिवे नेहमीसारखे लागले पण सेल्फचा टक् सुद्धा नाही, तर आधी साध्या गोष्टी बघा. क्लच पूर्ण दाबला आहे का? ऑटोमॅटिक असेल तर गिअर पार्कवर आहे का, ब्रेक दाबला आहे का? बटणाच्या गाडीत चावीतला छोटा सेल संपलेला असू शकतो. चावी बटणाजवळ धरली की बऱ्याच गाड्या ती ओळखतात. हे सगळं दोन मिनिटांत बघून होतं, आणि टोइंगवाल्याला बोलावण्याआधी बघून होणं बरं.

इंजिन घरघर करत जोरात फिरतंय पण पेट घेत नाही, तर ती वेगळी कथा. तिच्याकडे नंतर येते.

आणि तिसरा प्रकार, ज्यात सगळ्यांत जास्त पैसे वाया जातात: दिवे लागतात, टक् किंवा टकटकटक असा आवाज येतो, इंजिन मात्र फिरत नाही. इथे दोन गट पडतात. एक म्हणतो, "बॅटरी गेली." दुसरा म्हणतो, "दिवे लागतायत, हॉर्न वाजतोय, म्हणजे बॅटरी चांगली, सेल्फ गेला." दोघांचं अनुमान निरीक्षणाच्या पुढे पळालेलं असतं.

हे समजायला दहावीचा ओहमचा नियम पुरतो. गाडीतला छतावरचा छोटा दिवा अर्धा अँपिअरही घेत नाही. पुढचा एक हॅलोजन दिवा साधारण साडेचार. सेल्फ मात्र लहान पेट्रोल गाडीतसुद्धा शंभर-दीडशे अँपिअर मागतो. थकलेल्या माणसाला एक तांब्या उचलता आला म्हणून तो पोतं उचलेल असं नाही, तसं हे. दिवा लागला यावरून बॅटरीबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही.

दुसरी गोष्ट रोधाची. वाटेत कुठे टर्मिनल सैल असेल, त्यावर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल, तर तिथे रोध वाढतो. समजा तो फक्त एका ओहमचा शंभरावा भाग आहे. दिव्याला ते जाणवणारही नाही. पण दीडशे अँपिअर त्यातून जायला लागले की तिथेच दीड व्होल्ट खर्ची पडतात. रोध त्याच्या पाचपट झाला तर सेल्फच्या हाती काही उरतच नाही. म्हणून बॅटरी नवी, सेल्फ चांगला, आणि गाडी ढिम्म, हे अगदी शक्य आहे.

यावर एक साधी परीक्षा आहे, तिला पैसे लागत नाहीत. पुढचे दिवे लावा, समोर भिंत असेल तर उत्तम, आणि चावी फिरवताना भिंतीवरचा उजेड बघा. उजेड एकदम मावळला तर बॅटरीत दम नाही, किंवा बॅटरीच्या टर्मिनलवरच दोष आहे. उजेड थोडा कमी होऊन इंजिन जड आवाजात फिरलं तर बॅटरी उतरत आलीय. आणि उजेड हललाच नाही, तर सेल्फने वीज घेतलीच नाही. बॅटरी द्यायला तयार आहे, वाट बंद आहे.

ही परीक्षा मला पुस्तकातून माहीत होती. तिची खरी किंमत कळली एप्रिल २०२१ मध्ये.

ते दिवस सगळ्यांना आठवत असतील. 'ब्रेक द चेन'चे निर्बंध होते. आमची सोसायटी ईऑन आयटी पार्कपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. माझं ऑफिस वर्षभर घरूनच चाललेलं, गाडी तीन आठवडे जागची हललेली नव्हती. नवरा सासूबाईंकडे नाशिकला अडकला होता. आमच्या खालच्या मजल्यावर एक काका-काकू राहतात, मुलगा परदेशात. काकांचा ऑक्सिजन संध्याकाळी ९२ होता, रात्री साडेदहाला ८७ झाला. रुग्णवाहिका मिळत नव्हती. मुलाने तिकडून रात्रभर फोन करकरून नदीपलीकडे एका रुग्णालयात बेड मिळवला, आणि निरोप होता की तासाभरात पोहोचा, नाहीतर पुढच्या पेशंटला द्यावा लागेल. त्यांचंही बरोबर होतं, दारात माणसं उभी होती.

काकांना दोघांनी धरून खाली आणलं, मागच्या सीटवर बसवलं, काकू शेजारी. सगळ्या काचा खाली, सगळ्यांना दोन-दोन मास्क. मी चावी फिरवली. समोरचे दिवे लागले. टक्. आणि शांतता. परत फिरवली. टक्.

गाडीच्या बॉनेटशी एखादी बाई उभी असली की पाच मिनिटांत चार पुरुष जमतात, हा नियम महासाथीतही मोडला नाही. (आपल्या वर्गात कार्यानुभवाच्या तासाला मुलांना वायर जोडायला द्यायचे आणि आम्हाला रुमालाची हेम घालायला, हे मी इथे नमूद करून ठेवते. हेमही मला चांगली येते.) सगळ्यांचं एकमत झालं, तीन आठवडे उभी होती, बॅटरी बसली. एक शेजारी स्वतःची गाडी आणून जंप स्टार्ट द्यायला तयार झाले. पण माझी गाडी दोन खांबांमध्ये, नाक भिंतीकडे करून लावलेली. दुसरी गाडी जवळ येईल अशी जागाच नव्हती. मग ढकलून मागे घ्या, मग ते गाडी आणणार, मग वायर लावणार. पंधरा-वीस मिनिटं तरी. आणि दोष बॅटरीचा नसेल तर ती वीस मिनिटं गेल्यावर आम्ही पुन्हा तिथेच.

म्हणून ते किल्ली आणायला गेले तेवढ्यात मी वॉचमनदादांना पुढे भिंतीशी उभं केलं. दिवे लावले आणि म्हटलं, "मी चावी फिरवते, भिंतीवरचा उजेड कमी होतो का तेवढं बघा." टक्. ते म्हणाले, "न्हाई मॅडम, हाय तसाच हाय."

बाई, ते शुद्ध निरीक्षण होतं. त्यात त्यांचं मत एक शब्दही नव्हतं.

उजेड हलला नाही म्हणजे बॅटरीकडे संशयाने बघायचं कारण नाही. वीज सेल्फपर्यंत जात तरी नाही, किंवा जाऊन परत तरी येत नाही. इथे गाडीची रचना सांगायला हवी. बॅटरीच्या अधिक टोकापासून जाड लाल वायर सेल्फला जाते. परत येणारी वायर मात्र नसते; सेल्फ इंजिनाच्या धातूवर बसवलेला असतो, इंजिनातून वीज बॉडीच्या पत्र्यात येते आणि पत्र्यातून बॅटरीच्या उणे टोकाला. पण इंजिन तर रबराच्या पायांवर बसवलेलं असतं, थरथर जाणवू नये म्हणून. रबरातून वीज जाणार नाही. म्हणून इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये तांब्याच्या तारांची विणलेली पट्टी असते, अर्थिंगची. पुढच्या दिव्यांचं अर्थिंग थेट बॉडीला असतं, त्यांना या पट्टीची गरज नाही. ती पट्टी खराब झाली तर दिवे झगझगीत आणि सेल्फ मुका. माझ्या गाडीत नेमकं तेच दिसत होतं. लाल वायरीचं टोक किंवा सेल्फही खराब असू शकला असता, पण त्या क्षणी, त्या बेसमेंटमध्ये, जी शंका तपासून बघता येत होती ती ही एकच.

डिकीत जंप केबल होती. तिची फक्त काळी वायर घेतली. एक चिमटा बॅटरीच्या उणे टोकाला, दुसरा इंजिन उचलण्यासाठी जो लोखंडी आकडा असतो त्याला. म्हणजे खराब पट्टीला पर्यायी रस्ता. चावी फिरवली आणि इंजिन पहिल्याच फेऱ्यात लागलं. मागे काकांनी हात थोडा वर केला, तेवढं मला आरशात दिसलं.

ती वायर तशीच ठेवली, पंखा आणि पट्ट्यापासून लांब, वॉचमनदादांनी आणलेल्या सुतळीने बांधून. मुंढव्याचा पूल ओलांडून गेलो, रस्त्यात चिटपाखरू नव्हतं. रुग्णालयाच्या दारात मी इंजिन बंद केलं नाही. निरोप येऊन तोवर पन्नास मिनिटं झाली होती.

काका सतरा दिवसांनी घरी आले. ते वाचले डॉक्टर, नर्स आणि ऑक्सिजनमुळे, आणि त्यांच्या मुलाने रात्रभर केलेल्या फोनांमुळे. त्या एप्रिलमध्ये वेळेवर पोहोचूनही परत न आलेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत, त्यामुळे वायरीने जीव वाचवला वगैरे मी म्हणत नाही. वायरीने पंधरा-वीस मिनिटं वाचवली.

पुढच्या आठवड्यात चंदननगरच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनने ती पट्टी काढून माझ्या हातात दिली. बोल्टजवळ तारा हिरव्या पडून कुजल्या होत्या, दोन-तीन धागे धरून होते. साडेतीनशे रुपयांत काम झालं. सेल्फ आणि बॅटरी दोन्ही नंतर बरीच वर्षं चालले.

आता ज्यांच्याकडे मल्टिमीटर आहे त्यांच्यासाठी. नसेल तर तपकीर गल्लीत तीन-चारशे रुपयांत मिळतो, घ्या. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर ती भरलेली आहे. सहा कप्पे, प्रत्येकी २.१, हा हिशेब. १२.४ म्हणजे पाऊण, १२.० म्हणजे जवळजवळ रिकामी. पण नुसती उभी असताना मोजून थांबू नका. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि त्या वेळी आकडा बघा. साडेनऊच्या खाली कोसळला तर बॅटरी म्हातारी झालीय, मग उभी असताना काहीही दाखवो. इंजिन सुरू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवं. नाही दिसलं तर अल्टरनेटर, म्हणजे आपले वडील ज्याला डायनामो म्हणायचे तो, बॅटरी भरत नाही, आणि नवी बॅटरी टाकली तरी चार दिवसांनी तुम्ही पुन्हा ग्रुपवर. आणि अर्थिंगची परीक्षा: मीटरची एक पिन बॅटरीच्या उणे टोकाला, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूला, आणि सेल्फ मारा. पाव व्होल्टच्या आत आलं पाहिजे. जास्त आलं तर वाट तिथे अडलीय.

आता राहिलेली ती दुसरी कथा, इंजिन फिरतं पण पेट घेत नाही त्याची. माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याची गाडी अशी अडली. एका वर्कशॉपने आधी बॅटरी बदलली. मग म्हणाले, सेल्फ बदलावा लागेल. त्याने मला विचारलं तेव्हा मी एवढंच विचारलं, "इंजिन फिरतंय ना?" म्हणाला, "जोरात फिरतंय." अरे, मग बॅटरी आणि सेल्फ दोघेही कामावर हजर आहेत! त्यांना कशाला शिक्षा? इथे बघायचं ते इंधन, ठिणगी आणि चावीची ओळख. चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह समोर लुकलुकत राहिलं तर गाडी चावीला ओळखत नाही; दुसरी चावी वापरून बघा. नाहीतर चावी 'ऑन' करून मागच्या सीटजवळ कान द्या. बहुतेक पेट्रोल गाड्यांत पंपाची दोन सेकंद गुणगुण ऐकू येते. त्याच्या गाडीत आली नाही. फ्यूज ठीक होता. मागची सीट उचलली तर पंपाची वायर उंदराने कुरतडलेली. उंदराचे दात आयुष्यभर वाढत राहतात, त्यामुळे त्याला काहीतरी कुरतडावंच लागतं. आपल्या बेसमेंटमध्ये त्याला ऊब, अंधार आणि वायरी तिन्ही मिळतात. वायर जोडायला पाऊण तास लागला. बॅटरीचे पैसे गेले ते गेलेच.

वर्कशॉपवाले सगळे लबाड असतात असं मी म्हणणार नाही. त्यांच्याकडे बारा गाड्या रांगेत असतात, आणि भाग बदलणं हे विचार करण्यापेक्षा लवकर होतं. पण तुम्ही जाऊन "चालू होत नाही" एवढंच म्हणालात तर ते अंदाजच करणार. "दिवे मंद होत नाहीत, एकच टक् येतो, इंजिन फिरत नाही" असं म्हणालात तर समोरच्याचा चेहरा बदलतो, हे मी पाहिलंय. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायला सांगा. दोन बदलल्या आणि गाडी सुरू झाली, तर कशामुळे झाली हे कधीच कळत नाही, आणि बिल दोन्हींचं येतं.

फक्त एका बाबतीत प्रयोग करू नका. पावसात, साचलेल्या पाण्यातून जाताना गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारायचा नाही. २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र पुणेकर विसरलेले नाहीत. तेवढा पूर नसला तरी नगर रोडला गुडघाभर पाणी व्हायला एक चांगली सर पुरते. हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेलं असेल तर पिस्टन वर येताना ते दाबलं जात नाही. हवा दाबली जाते, पाणी नाही. मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड. बंद पडलेली गाडी टो करून आणली तर कदाचित साफसफाईवर भागेल, तिथेच सेल्फ मारला तर इंजिन खोलावं लागतं. आणि साध्या विम्यात बऱ्याचदा हे धरलेलं नसतं, इंजिनाचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. आज घरी गेल्यावर पॉलिसी काढून बघा.

शेवटी, घरून काम करणाऱ्यांसाठी एक हिशेब. कुलूप लावून उभी असलेली गाडीही थोडी वीज खात असते: घड्याळ, चोरघंटा, चावीची वाट बघणारा रिसीव्हर. धरा ४० मिलिअँपिअर. दिवसाला जवळजवळ एक अँपिअर-तास. लहान गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असते. म्हणजे महिनाभरात ती संपते, आणि सेल्फ फिरवण्याइतका दम त्याच्या बराच आधी जातो. त्यात पार्किंगमध्येही चालू राहणारा डॅशकॅम असेल तर चार-पाच दिवस पुरे. आठवड्यातून एकदा पाच मिनिटं जागेवर इंजिन चालवून काही होत नाही. सेल्फने खाल्लेलं जेमतेम भरून निघतं. अर्धा तास रस्त्यावर न्या. वाघोलीपर्यंत जाऊन या म्हटलं असतं, पण वाघोलीला अर्ध्या तासात पोहोचाल याची हमी कुठलाही इंजिनिअर देणार नाही.

जेवणानंतर मी खाली पार्किंगमध्ये मल्टिमीटर, जंप केबल, खाण्याचा सोडा आणि जुना टूथब्रश घेऊन थांबणार आहे. सोडा आणि गरम पाण्याने टर्मिनल कसं साफ करायचं ते दाखवते. काढताना आधी काळी वायर, लावताना काळी शेवटी. जंप केबलचा शेवटचा काळा चिमटा उतरलेल्या बॅटरीला न लावता इंजिनाच्या धातूला का लावायचा, तेही तिथेच करून बघू. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि ठिणगी त्याच्यापासून लांब पडलेली बरी. ज्यांची बॅटरी चार वर्षांहून जुनी आहे त्यांनी आधी यावं. सर, तुमची गाडी सकाळी दोनदा सेल्फ मारल्यावर लागली, ते मी गेटजवळून ऐकलंय. तुमचा पहिला नंबर.